काचेच्या घरातली भावकी

मिरजोळ्याहून बोलते आहे. आज इतिहास सांगायचाय, पण राजेरजवाड्यांचा नाही. माशांचा, आणि माशांना काचेत ठेवणाऱ्या माणसांचा. तुम्ही म्हणाल, मासा दिसला की आपण आधी कल्ला उघडून ताजा आहे का बघणार. काचेतला मासा बघत बसायला वेळ कुणाला आहे? मलाही तसंच वाटायचं. पण आमच्या गटात एक गोष्ट घडली, आणि तिच्या मागे जाता जाता मला बरंच वाचावं लागलं, चार जाणत्यांना विचारावं लागलं.

आमच्या गटातल्या एका वहिनींनी गटाकडून अंतर्गत कर्ज घेतलं. एमआयडीसीच्या रस्त्याला त्यांचं छोटं दुकान आहे. वह्या-पेनं, खाऊ, मोबाइलचं रिचार्ज. शाळेची पोरं सारखी येतात. त्यांना वाटलं, दुकानात एक मोठी काचेची टाकी ठेवावी, रंगीत मासे सोडावेत. बघायला पोरं थांबतील, मासेही विकले जातील. कल्पना चांगलीच होती, आम्ही सगळ्यांनी होकार दिला. लांबच्या शहरातल्या एका विक्रेत्याकडून मासे आले. त्यानं पिशव्या भरून दिल्या: चार गोल्डफिश, दोन एंजल, वीस निऑन, सहा पिवळे-निळे आफ्रिकन सिक्लिड आणि मधल्या बोटाएवढा एक ऑस्कर. "सगळे एकत्र राहतात, काळजी करू नका," असं सांगून पैसे घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निऑन मोजले तर बारा. तिसऱ्या दिवशी चार. गोल्डफिशच्या शेपट्या कुरतडलेल्या, एक एंजल कोपऱ्यात आडवा. आठव्या दिवशी टाकीत शिल्लक होते दोन पिवळे, एक निळा आणि तो ऑस्कर, चांगला गुबगुबीत. हप्ता मात्र चालूच राहिला. बैठकीत कुणी म्हणालं पाण्यातच काही होतं, कुणी म्हणालं नजर लागली. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मासेच ना गो सगळे? मग एकमेकांना का खातात?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की बरंच मागे जावं लागतं.

आधी हे सिक्लिड कोण, ते बघू. सिक्लिड हे एका माशाचं नाव नाही, भावकीचं आडनाव आहे. या भावकीत दीड हजारांहून जास्त जाती आहेत. एंजल त्यातला, ऑस्कर त्यातला, डिस्कस त्यातला, कपाळावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्नही त्यातलाच. ओळखायची एक खूण सांगते: बहुतेक माशांना तोंडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन नाकपुड्या असतात, सिक्लिडना एकेकच. यांचं मूळ घर मुख्यतः आफ्रिकेत आणि दक्षिण व मध्य अमेरिकेत. थोडे मादागास्कर बेटावर. आणि भारत-श्रीलंकेत मूळचे फक्त तीन.

त्या तिघांतला एक तुम्ही सगळ्यांनी बघितलाय, बहुतेकींनी खाल्लाही असेल. आपल्या खाडीतला काळुंदर. हिरवट-काळसर अंग, त्यावर उभे पट्टे आणि मोत्यासारखे पांढरे ठिपके. हाच केरळात करीमीन. तिथल्या सरकारनं २०१० साली त्याला राज्याचा मासा केलं. दुसरा त्याचाच धाकटा भाऊ म्हणावा असा, बोटभर लांबीचा, पिवळा-नारिंगी, अंगावर काळे डाग असलेला. परदेशात लोक त्याला ऑरेंज क्रोमाइड म्हणून हौसेनं पाळतात. तिसरा कर्नाटकातल्या मोजक्या नद्यांत सापडतो आणि बाकी जगात कुठंच नाही.

आपल्या काळुंदराचं सगळ्यात जवळचं नातं लागतं ते मादागास्करच्या माशांशी. कोट्यवधी वर्षांपूर्वी भारत आणि मादागास्कर एकाच जमिनीचे भाग होते, नंतर ते वेगळे झाले. हे मासे तेव्हाच वेगळे झाले की पुढं समुद्रातून गेले, यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. आपली भावकी सातबाऱ्यावरून तीन पिढ्या भांडते, तर हा वाद एवढ्या जुन्या वाटणीचा!

काळुंदराला शास्त्रातलं नाव दिलं ते बर्लिनच्या एका डॉक्टरनं, मार्कस ब्लॉख त्याचं नाव, साल १७९०. हा माणूस भारतात कधी आला नाही. जहाजांतून गेलेले, दारूत बुडवलेले मासे बघून त्यानं पुस्तकं लिहिली. काळुंदराला त्यानं सुरतेचं नाव दिलं, आणि आजही शास्त्रात तो 'सुरातेन्सिस'च आहे. नाव सुरतेचं, घर मात्र कोकणापासून मलबारपर्यंतच्या आणि श्रीलंकेच्या खाड्यांत. कोळणीला विचारलं असतं तर तिनं घर बरोबर सांगितलं असतं.

आता काचेकडे वळू. माशाला भांड्यात ठेवणं जुनंच आहे. चीनमध्ये गोल्डफिश शेकडो वर्षं पाळले जात होते. पण जलचरांचं निरीक्षण करायला काचेची पेटी तयार केली ती एका बाईनं. तिचं नाव जान विलप्रू-पॉवर. फ्रान्समधल्या एका चांभाराची मुलगी, १७९४ साली जन्मलेली. शिकलेली फारशी नाही. पॅरिसला गेली, शिवणकाम-भरतकाम करू लागली, राजघराण्यातल्या लग्नाचा पोशाख शिवून नाव कमावलं. लग्न करून सिसिली बेटावर राहायला गेली आणि तिथं समुद्राचं वेड लागलं. आपल्या म्हाकुळाच्या नात्यातला एक प्राणी आहे, पातळ कागदासारख्या शिंपल्यात राहतो. तो शिंपला स्वतः करतो की दुसऱ्याचा चोरतो, यावर मोठमोठे विद्वान भांडत होते, पण जिवंत प्राणी कुणी बघितलाच नव्हता. या बाईनं १८३२ साली काचेच्या टाक्या करून घेतल्या, त्यात समुद्राचं पाणी भरलं, प्राणी ठेवला आणि दिवसेंदिवस बघत बसली. शिंपल्याला मुद्दाम छिद्र पाडलं, तर प्राण्यानं स्वतःच ते बुजवलं. वाद मिटला. पुढं तिचं साहित्य घेऊन जाणारं जहाज बुडालं, बरंचसं काम पाण्यात गेलं, आणि मग कितीतरी वर्षं तिचं नावच कुणी घेतलं नाही. मी हे वाचलं तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवलं होतं, खरं सांगते.

तिच्यानंतर १८५०च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं दुसरा प्रश्न सोडवला: पाणी रोज न बदलता मासा जगेल कसा? त्यानं दोन गोल्डफिशबरोबर पाणवनस्पती लावली. पानं कुजू लागली, पाणी गढूळ झालं. मग त्यानं तळ्यातल्या गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, वनस्पतीनं पाण्यात प्राणवायू सोडला, माशांच्या विष्ठेवर वनस्पती वाढली. म्हणजे टाकीत कुणाबरोबर कुणाला ठेवायचं, हा प्रश्न टाकीइतकाच जुना आहे. फक्त तेव्हा तो सोपा होता, कारण मासा एकाच जातीचा होता.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. आपल्याकडं मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. चाकरमान्यांच्या घरी मुंबईला गेलेलं कोकणातलं पोर राणीची बाग आणि मत्स्यालय बघितल्याशिवाय परत यायचं नाही. आणि आपल्या रत्नागिरीत झाडगावला कृषी विद्यापीठाच्या सागरी संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहेच. मुलांना घेऊन जाल तेव्हा तिथं घाई करू नका. कोण कुणाजवळ जातो, कोण कुणाला हुसकावतो, एवढंच दहा मिनिटं बघा.

खरा गुंता झाला तो विमानं आणि प्लास्टिकच्या पिशव्या आल्यावर. पिशवीत पाणी आणि प्राणवायू भरून आफ्रिकेचा मासा दोन दिवसांत मुंबईत येऊ लागला. दक्षिण अमेरिकेतल्या अमेझॉनचा मासा आला, सिंगापूर-थायलंडमध्ये पैदास केलेला मासा आला. दुकानदारानं सगळे एका भिंतीला लावले. एकमेकांना कधी न बघितलेली, वेगवेगळ्या पाण्यातली, वेगवेगळ्या स्वभावाची पाहुणेमंडळी एका खोलीत.

वहिनींचे ते पिवळे-निळे मासे कुठले, सांगते. आफ्रिकेत मलावी नावाचं प्रचंड सरोवर आहे, सातशे मीटर खोल. पूर्वी त्याला न्यासा म्हणत. डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा प्रवासी १८५९ साली तिथं पोचला. त्याच्या तुकडीतल्या जॉन कर्क या डॉक्टरनं तिथले मासे गोळा करून लंडनला पाठवले. या सरोवराचा आपल्याशी एक गमतीचा धागा आहे. 'लेडी न्यासा' नावाची लिव्हिंग्स्टनची छोटी आगबोट तो स्वतः हाकत १८६४ साली मुंबईला घेऊन आला आणि इथं ती विकली. पुढच्या प्रवासाला जाताना त्यानं नाशिकच्या शरणपूर मिशनमध्ये वाढलेली, गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं बरोबर नेली. पण त्या बोटीतून मासे आले नव्हते हो. ते यायला अजून शंभर वर्षं जायची होती.

तर या सरोवरात सिक्लिडच्या शेकडो जाती, आणि बहुतेक जगात दुसरीकडं कुठंच नाहीत. काठाच्या खडकांत राहणारे मासे दगडावरचं शेवाळ खरवडून खातात. ज्याचा दगड त्याचा. दुसरा त्याच रंगाचा नर जवळ आला की मारामारी ठरलेली. म्हणून हे पाळणारे लोक टाकीत भरपूर दगड रचतात, लपायला कपारी ठेवतात, एका नरामागे तीन-चार माद्या ठेवतात, सारख्या रंगाचे दोन नर ठेवत नाहीत. आणि आपल्याला उलटं वाटेल, पण ते मासे जरा दाटीवाटीनं ठेवतात. दोनच असले तर मोठा लहानाला मारून टाकतो. वीस असले तर मार सगळ्यांत वाटला जातो, कुणी मरत नाही. अर्थात मग पाणी साफ ठेवणारा फिल्टरही तेवढाच दणकट लागतो.

पण त्यांचं पाणी! मलावीचं पाणी जड, चुन्याचं. सामू आठच्या आसपास. शेतातल्या मातीचा सामू आपण तपासून घेतो ना, तोच पाण्याचाही असतो. सात म्हणजे मधला, सातच्या खाली आंबटाकडं, वर गेला की खाराकडं. अमेझॉनचं पाणी याच्या उलट, मऊ आणि सातच्या खाली. एंजल, डिस्कस, निऑन त्या पाण्यातले. आणि आपल्या जांभ्यातल्या विहिरीचं पाणी कसं? डाळ चटकन शिजते, साबणाला फेस भरपूर येतो. म्हणजे मऊ. घाटावरच्या बहिणीकडं गेलं की बोअरच्या पाण्यात साबण फेसच धरत नाही, ते जड. तेव्हा मिरजोळ्याच्या विहिरीचं पाणी मुळातच एंजलला मानवणारं आहे. मलावीच्या माशाला त्यात ठेवायचं तर पाणी बदलावं लागतं. गंमत म्हणजे आपण भाट्याच्या किनाऱ्यावरून आणलेले शिंपले शोभेला टाकीत टाकतो. शिंपला म्हणजे चुना. तो हळूहळू विरघळतो आणि पाणी जड करतो. मलावीवाल्याला ते हवंच असतं, एंजलवाल्यानं मात्र टाकू नये. नळाचं पाणी असेल तर क्लोरिन उडून जायला एक दिवस उघडं ठेवावं, हे दोघांनाही लागू.

आता वहिनींची टाकी पुन्हा डोळ्यासमोर आणा. गोल्डफिश थंड पाण्यातला आणि संथ, त्याची लांब शेपटी म्हणजे दुसऱ्याला आमंत्रण. मलावीचे मासे जड पाण्यातले आणि भांडखोर. एंजल मऊ पाण्यातला, शांत, पण मोठा झाला की निऑन गिळणारा. अमेझॉनमध्ये ते त्याचं खाणंच आहे. आणि ऑस्कर! बोटाएवढा विकत घेतात, पण तो फूटभर होतो आणि तोंडात मावेल ते खातो. एकाही माशाचा दोष नव्हता. प्रत्येक जण आपल्या घरी वागतो तसाच वागला.

एवढं कळल्यावर बैठकीत प्रश्न आला, उरलेल्या ऑस्करचं करायचं काय? टाकी त्याला पुरेना, खायला बरंच लागे, विकत कुणी घेईना. गटातल्या एका काकींचा नातू म्हणाला, "विहिरीत सोडा, जगेल." दुसरी म्हणाली, पऱ्यात सोडू, पावसाळ्यात जाईल काजळी नदीला. जीव वाचवल्याचं पुण्यही मिळेल. आम्ही जवळजवळ ठरवलंच होतं. शनिवारी सकाळी जायचं, असं.

याच जागी मला इतिहासातल्या दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत.

पहिली चिलापीची. घाटावरच्या मैत्रिणींना हा मासा ठाऊक आहे, भिगवणकडं उजनीच्या पाण्यात तो चिक्कार. चिलापी म्हणजे तिलापिया, आणि तो सिक्लिड आहे, मूळ आफ्रिकेचा. १९३०च्या दशकाच्या अखेरीस जावा बेटावर समुद्रकाठच्या पाण्यात हे मासे मुजैर नावाच्या गावकऱ्याला सापडले. आफ्रिकेतून तिथं कसे पोचले ते गूढच. त्यानं ते घरच्या तळ्यात वाढवले, आणि त्यांचं नावच तिथं मुजैर पडलं. मग हा मासा आशियाभर वाटला गेला, आणि १९५२ साली भारतात आणला गेला. हेतू वाईट नव्हता. नवा देश, धान्याची टंचाई, गरिबाच्या ताटात स्वस्त मासा पडावा. आणि मासा तरी कसा? खाईल ते, राहील तिथं, गोड्या पाण्यात आणि खाऱ्यातही. थोड्या महिन्यांत वयात येतो, वर्षातून अनेकदा विणीला येतो. आई अंडी तोंडात धरते, पिल्लं फुटली तरी धोका दिसला की त्यांना तोंडात घेते, आणि त्या काळात स्वतः जवळजवळ काही खात नाही. अशा आईची पोरं जगणार नाहीत तर काय!

जगलीच. एवढी जगली की तळी भरून गेली. गर्दीत मासे खुरटले, हातभर होणारे तळहाताएवढे राहिले. रोहू-कटला यांच्यासारख्या आपल्या माशांचं खाणं आणि जागा त्यांनी घेतली. राजस्थानातल्या जयसमंद तलावात हे ठळकपणे दिसलं. १९५९ साली, म्हणजे सातच वर्षांत, देशाच्या मत्स्यसंशोधन समितीनं हा मासा सोडायला मनाई केली. पण तोवर तो विहिरींत, तळ्यांत, धरणांत पोचला होता. पाण्यातून मासा परत गोळा करता येत नाही. आज चिलापीवर कितीतरी घरं चालतात, ती गोष्टही खरी आहे, आणि सरकारी नियम पाळून तिची शेतीही होते. मी तिला शिव्या देत नाही. पण तिच्या आधी त्या पाण्यात कोणकोण होतं, ते सांगणारी माणसं आता कमी होत चाललीत.

दुसरी गोष्ट आफ्रिकेतलीच, व्हिक्टोरिया सरोवराची. तिथंही लहान लहान सिक्लिडच्या सुमारे पाचशे जाती होत्या. काठावरच्या बाया ते मासे घ्यायच्या, उन्हात सुकवायच्या, बाजारात विकायच्या. आपल्या सुकट-जवळ्यासारखंच. घरखर्च त्यावर. १९५०च्या दशकात इंग्रज अमलाखाली तिथं नाईल पर्च नावाचा राक्षसी मासा सोडला गेला, माणसापेक्षा लांब होणारा. सुरुवातीची वीस-पंचवीस वर्षं काही विशेष दिसलं नाही. मग १९८०च्या सुमारास त्याची संख्या उसळली आणि लहान मासे दिसेनासे झाले. गढूळ पाणी, शेतातून येणारी खतं, बेसुमार मासेमारी ही कारणंही होती. पण दोनशेच्या आसपास जाती नाहीशा झाल्या असा अंदाज आहे. आणि बायांचं काय झालं? पर्च तेलकट, मोठा, उन्हात सुकत नाही. त्याला धुरी द्यायला लाकूड लागतं, म्हणून झाडं तुटली. मोठा मासा मोठ्या होडीतून थेट कारखान्यात जाऊ लागला, मांस परदेशी, आणि काठावरच्या बायांच्या वाट्याला डोकी आणि काटे. सरोवरातून निर्यातीचा पैसा वाढला असं सरकारी कागद सांगत होते, आणि ते खोटं नव्हतं. फक्त तो पैसा या बायांच्या पदरात पडला नाही.

हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा एक काकी म्हणाल्या, "म्हंजे तलाव हीच मोठी टाकी, आणि त्यात कुणीतरी ऑस्कर सोडला." मला एवढं नेमकं सुचलं नसतं.

एक ऑस्कर एकटा विहिरीत पिल्लं घालणार नाही, हे खरं. पण विहिरीतले गप्पी मासे, जे डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खात्यानं सोडले, ते तो चार दिवसांत संपवेल. आणि आज आमचा एक, उद्या शेजारच्या वाडीतले दोन. टाकीची काच चाटून साफ करतो म्हणून विकला जाणारा तो खडबडीत अंगाचा सकर मासा असाच लोकांच्या टाक्यांतून सुटून उजनीपर्यंत पोचलाय. तो जाळी फाडतो, आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही.

आता जरा बरं काही सांगते. कोण कुणाबरोबर राहतो, याचा सगळ्यात सुंदर धडा आपल्या काळुंदराच्याच घरात आहे. १९७२ साली वायमन आणि वॉर्ड या दोन अभ्यासकांनी लिहून ठेवलं, की तो धाकटा नारिंगी मासा काळुंदराच्या कल्ल्यांवरची, परांवरची घाण आणि परजीवी टिपून खातो. मोठा शांत उभा राहतो, धाकटा साफसफाई करतो. याला खायला मिळतं, त्याची कातडी निरोगी राहते. पण तोच धाकटा संधी मिळाली की काळुंदराची अंडीही खातो बरं का! म्हणून विणीच्या दिवसांत काळुंदर त्याला जवळ फिरकू देत नाही, नर-मादी दोघं मिळून पहारा देतात. हो, बापही देतो. अंड्यांना पंख्यासारखा परांनी वारा घालण्यातही त्याचा वाटा असतो. एरवी सोबत, बाळंतपणात अंतर. शेजारपण असंच असतं.

आणि कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं, ज्याला १९७३ साली नोबेल मिळालं, त्यानं एक किस्सा नोंदवलाय. टाकीला मध्ये काच लावून दोन्ही बाजूंना सिक्लिडच्या जोड्या ठेवल्या होत्या. काचेतून शेजाऱ्यावर धावून जायचं आणि घरात गोडीनं राहायचं, असा त्यांचा संसार. काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासा झाला की नवरा-बायको एकमेकांवर उठायचे. काच पुसली की पुन्हा शांत. मी हे घरी सांगितलं, तर आमचे हे मोठ्यानं हसले. का हसले ते विचारलं नाही.

म्हणून जाणते लोक सिक्लिडची जोडी अगदी एकटी ठेवत नाहीत, वरच्या थरात चपळ पोहणारे, हाती न लागणारे मासे सोडतात. त्यांच्याकडं लक्ष राहतं. फ्लॉवरहॉर्न मात्र एकटाच बरा. तो निसर्गात नाहीच. १९९०च्या दशकात मलेशियात वेगवेगळ्या जातींच्या संकरातून माणसानं तयार केला, आणि तो कुणालाही सहन करत नाही. तो घरात भाग्य आणतो म्हणून हजारो रुपयांना विकतात. भाग्य विकणाऱ्याचं, एवढंच म्हणते.

वहिनींनी टाकी पुन्हा भरली. यावेळी घाई केली नाही. विहिरीचं पाणी भरून, वनस्पती लावून, फिल्टर चालू ठेवून महिनाभर थांबल्या. मग पाच लहान एंजल, सगळे एका वयाचे, म्हणजे एकत्र वाढतील. तळाला कोरी नावाचे छोटे मिशाळ मासे, उरलंसुरलं टिपणारे. वर निऑनपेक्षा उंच अंगाचे टेट्रा, एंजलच्या तोंडात न मावणारे. टायगर बार्ब पोरांनी मागितले होते, पण ते एंजलच्या लांब परांना कुरतडतात, म्हणून नाही घेतले. चार महिन्यांनी दोन एंजलनी पानावर अंडी घातली आणि कोपरा अडवला; त्या जोडीला वहिनींनी वेगळी टाकी दिली. आता पिल्लं त्या स्वतः वाढवून विकतात. गिऱ्हाईक आलं की आधी विचारतात, घरी आधीचे कुठले मासे आहेत, पाणी विहिरीचं की नळाचं. उत्तर पटलं नाही तर मासा देत नाहीत. तेवढं गिऱ्हाईक जातंही. कुणाला मोठं काम करायचं असेल तर २०२०मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत मासेपालन धरलेलं आहे, महिलांना खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत मदतीची तरतूद ठेवली होती. सध्या काय चालू आहे ते मत्स्यव्यवसाय खात्याच्या रत्नागिरीच्या कचेरीत विचारा.

ऑस्कर शनिवारी विहिरीत गेला नाही. वहिनींच्या पडवीत जुन्या दुकानातली मोठी काच लावून त्याला स्वतंत्र टाकी केलीय. आता तो पुरा फूटभर आहे. वहिनी कोळंबीची सालं काढायला बसल्या की काचेला तोंड लावून उभा राहतो, आणि दुसरं कुणी बसलं तर येत नाही. गटाचा शेवटचा हप्ता त्यांनी या दिवाळीला फेडला.